तिसरीतल्या मुलीच्या डोक्यात पुन्हा पुन्हा उवा होतात, काय करू?

लेकीची_आई: मुलीचे केस कंबरेपर्यंत आहेत. मेडिकलमधून पर्मेथ्रिनचं लोशन आणून लावलं, उवा मेल्या. दोन आठवड्यांत पुन्हा खाजवणं सुरू. सासूबाई म्हणतात, सीताफळाच्या बियांची पूड तेलात कालवून लावू. वर्गात शेजारी कुणी बसत नाही म्हणून ती रडते. केस कापून टाकू का?

अधीक्षिका_पालघर: ताई, मी आश्रमशाळेच्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका आहे. आधी त्या बियांचं सांगते. ती पूड अजिबात लावू नका. तिने उवा मरतात, सासूबाई खोटं सांगत नाहीत. पण न्हाताना ती डोळ्यांत उतरली की बुबुळाला इजा होते. सुट्टीवरून परतलेल्या मुलींचे असे लालभडक, उजेड न सोसणारे डोळे मी पाहिलेत. रॉकेल आणि झुरळं मारायचा खडू तर डोक्याजवळही नेऊ नका.

लोशनने चालत्या उवा मरतात, लिखा सगळ्या मरत नाहीत. लीख फुटायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात. म्हणून नवव्या दिवशी लोशन पुन्हा लावायचं, म्हणजे नवी पिल्लं अंडी घालण्याआधीच मरतात. हा दुसरा हात बहुतेक घरांत राहूनच जातो. शॅम्पूने तेल पूर्ण काढा, कंडिशनर लावू नका, केस टॉवेलने टिपून लोशन मुळांपासून लावा, 10 मिनिटांनी धुवा.

खरी मेहनत फणीची. लोशनच्या दिवशी नाही, पण मधल्या दिवसांत ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावून एकेक बट बारीक दातांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत विंचरा. दर वेळी फणी पांढऱ्या फडक्यावर पुसून बघा. तीन-चार दिवसांनी एकदा, निदान दोन आठवडे. आणि घरात सगळ्यांची डोकी तपासा. नात आजीच्या कुशीत झोपत असेल तर आजींचंही. जिवंत उवा सापडतील त्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध.

केस कापू नका हो. पोरीला ती शिक्षा वाटते. दोन घट्ट वेण्या वर बांधा, पुरे. ऊ उडत नाही, उड्या मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते, स्वच्छ केसांतही.

झेडपी_गुरुजी: बाईंना भेटून सांगा, कुणाचंही नाव न घेता सगळ्या पालकांना एकाच शनिवार-रविवारी डोकी बघायचा निरोप द्या म्हणावं. उवांपायी मूल घरी बसवायची गरज नसते. माझ्या वर्गात मी जागाही बदलत नाही.

लेकीची_आई: खूप आभार. दुसऱ्यांदा लोशन लावलंच नव्हतं. पण अजून पांढऱ्या लिखा दिसतात, त्या मेलेल्या की जिवंत?

अधीक्षिका_पालघर: मुळापासून किती लांब आहेत ते बघा. केस महिन्याला साधारण 1 सेंमी वाढतो, आणि ऊ अंडं घालते ते अगदी टाळूलगत. बोटभर खाली सरकलेली ती नुसती टरफलं. नखाने ओढून काढा, औषध नको. उवा मेल्यानंतरही खाज काही दिवस राहते, तिला घाबरू नका. दुसऱ्या हातानंतरही चालती ऊ दिसली तर त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या. उवांवर पोटात घ्यायची आयव्हरमेक्टिनची गोळी मनाने आणू नका, 15 किलोखालच्या मुलांना ती सहसा देत नाहीत.