व्याकरण बरोबर, तरी ग्राहकाला उर्मट वाटतं: इंग्रजीतले चढउतार कसे शिकवायचे?

मालाड_रात्रपाळी:
ब्रिटिश ग्राहकांच्या कॉलसाठी नवी बॅच आहे, बहुतेक मुलं मराठी माध्यमाची. उच्चार स्वच्छ, व्याकरण ठीक, पण ऑडिटमध्ये शेरा एकच: 'रूड'. 'जरा गोड बोला' म्हणून भागत नाही. नेमकं काय सुधारायचं?

स्वरांकित:
शेवटच्या शब्दावरचा सूर. भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांनी नोंदवलेलं उदाहरण सांगा. ब्रिटनमधल्या एका विमानतळाच्या कॅन्टीनमध्ये वाढणाऱ्या भारतीय-पाकिस्तानी बायका 'ग्रेव्ही' हा शब्द उतरत्या सुरात म्हणायच्या. त्यांच्या लेखी ते विचारणंच होतं. समोरच्याला मात्र 'ही ग्रेव्ही, घ्यायची तर घ्या' असं ऐकू यायचं. तिथल्या इंग्रज बायका तोच शब्द चढवून म्हणत: 'देऊ का?' तुमच्याकडे 'ऑर्डर नंबर', 'पोस्टकोड' हे सुटे शब्द कसे म्हटले जातात ते ऐका. लोकलच्या दारात आपणही 'उतरणार?' असं सूर चढवूनच विचारतो, म्हणजे मुलांना हे नवीन नाही.

परळचा_चिकित्सक:
सूर झाला, आता जोर. मराठीत हे काम बरंचसं 'च' करतो. 'मीच सोमवारी पाठवलं' आणि 'मी सोमवारीच पाठवलं' यांतला फरक इंग्रजीत 'आय सेंट इट ऑन मंडे' या एकाच वाक्यात, जोर 'आय'वर की 'मंडे'वर यावरून कळतो. सराव असा: फळ्यावर मराठी वाक्य, 'च' एकेका शब्दामागे सरकवायचा, मुलांनी दर वेळी इंग्रजी वाक्य म्हणायचं.

एरवी मुख्य जोर शेवटच्या अर्थवाही शब्दावर. पण तो शब्द आधीच बोलण्यात आला असेल तर जोर मागे सरकतो. ग्राहक 'रिफंड' म्हणाला, तर 'व्हॉट काइंड ऑफ रिफंड' यात जोर 'काइंड'वर. तो पुन्हा 'रिफंड'वर दिला की आपलं लक्षच नव्हतं असं वाटतं.

आणि 'वी डोन्ट गिव्ह डिस्काउंट्स टू एनीबडी' हे जपून. शेवटी सूर उतरला तर 'कोणालाच देत नाही'. उतरून पुन्हा चढला तर 'वाट्टेल त्याला देत नाही'. ग्राहकाला नेमकं यातलं काय ऐकू गेलं, त्यावर तक्रार ठरते.

मालाड_रात्रपाळी:
मग सगळंच चढवून बोलायला लावू?

स्वरांकित:
अजिबात नको. 'सॉरी' चढवलं की माफी राहत नाही, 'काय म्हणालात?' होतं. 'व्हॉट्स युवर नेम'सारखा पूर्ण प्रश्नही सहसा उतरतो, जोर 'नेम'वर. मुलं मराठी सवयीने 'व्हॉट'वर जोर देतात आणि पोलीस चौकशीसारखं वाटतं.

कानाला फरक कळत नसेल तर 'प्रात' (Praat) हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, ते सुराचा चढउतार पडद्यावर रेषेने दाखवतं. पाचेक सेकंदांचा तुकडा उघडा, पिचची, म्हणजे सुराच्या उंचीची, मर्यादा पुरुषांसाठी ७५ ते ३००, बायकांसाठी १०० ते ५०० हर्ट्झ ठेवा. रेषा मध्येच दुप्पट उंच उडाली तर ती सॉफ्टवेअरची चूक, मुलाची नव्हे. 'स', 'प', 'ट' इथे रेषा तुटणारच.