ट्रकच्या रात्रीच्या मुक्कामाचे पैसे कोणी द्यायचे?

दहाचाकी (नाशिक)

हायवेवरच्या पंपांवर आणि मोठ्या ढाब्यांवर आता रात्री गाडी उभी करायचे पैसे मागायला लागलेत. कुठे शंभर, कुठे दीडशे, डिझेल भरलं तर माफ. आमच्या धंद्यातल्या लोकांची यावर एकच ओरड चालू आहे, ड्रायव्हरची लूट. मला ती अर्धीच पटते, म्हणून धागा काढला.

जागेचे पैसे पडले तर त्यात गैर काही नाही. रस्त्याला लागून दोन एकर जमीन, भरलेली मल्टी-ॲक्सल (जास्त चाकांची मोठी गाडी) पावसाळ्यात रुतणार नाही असं काँक्रीट, हायमास्ट दिवे, कॅमेरे, रात्रभर जागणारा वॉचमन, पाणी, संडास धुणारा माणूस. हे कोणीतरी फुकट पुरवावं आणि वर ते स्वच्छही असावं, हे कसं जमायचं?

पण हे पैसे ड्रायव्हरच्या खिशातून जाता कामा नयेत. आपण ट्रिपला निघताना त्याला खर्ची देतो. जेवण, चहा, पंक्चर, रस्त्यातली देणीघेणी सगळं त्यातच, आणि उरेल ते त्याचं. म्हणजे पार्किंगला दीडशे गेले की त्याचं रात्रीचं जेवण गेलं. मग तो पंपावरून गाडी काढतो आणि पुढे दोनशे मीटरवर शोल्डरला, म्हणजे रस्त्याच्या कडपट्टीला लावून झोपतो. मागून येणाऱ्या कारवाल्याला पहाटे तीन वाजता ती गाडी चालतेय की उभी आहे हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणून मुक्कामाचे पैसे भाड्यात धरा. टोल धरतो तसे, बिल्टीवर (माल वाहतुकीच्या पावतीवर) वेगळी ओळ टाकून. माल ज्याचा, खर्च त्याचा.

कागलकर

मालक, टोल मग कशाचा भरतोय आपण? मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर एप्रिल २०२३ पासून मल्टी-ॲक्सलला एका बाजूचे २१६५ रुपये आहेत. तेवढे देऊनही डोळा लागला तर बाजूला घ्यायला हक्काची जागा नसेल, तर तो टोल नुसता चाकं फिरवायचा झाला का?

हायवेच्या ठेकेदारांच्या करारात ट्रक ले-बाय (रस्त्यालगत गाडी थांबवायची जागा) बांधायची अट असते. बांधलेतही काही ठिकाणी. जाऊन बघा तिथं काय चाललंय. रसवंती, टपरी, टायरवाला, कोणाची तरी बंद पडलेली ट्रॉली, आणि हंगामात उसाच्या गाड्या. बारा गाड्यांच्या जागेत दोन बसतात, दिवा एकही नाही. आधी ते मोकळं करा, उजेड करा, पाणी द्या. माझा विरोध शंभर रुपयांना नाही. एकदा पैसे द्यायची सवय लावली की फुकटच्या जागेची जबाबदारी सगळे झटकून मोकळे होतील.

हायवेपंप

माझा पंप आहे, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितो.

डिझेलवर आम्हाला लिटरमागे दोन-तीन रुपये सुटतात. रात्री माझ्याकडे ज्या गाड्या लागतात त्यातल्या बऱ्याच माझ्याकडे डिझेल भरतच नाहीत, कारण मालकाचं फ्लीट कार्ड (डिझेल भरायचं कार्ड) दुसऱ्या कंपनीचं. चूक ड्रायव्हरची नाही, मान्य. पण पाणी माझं, वीज माझी, सकाळची घाण माझी. दोन गाड्यांच्या मधल्या बोळात स्टोव्ह पेटवून भात टाकतात, आणि वीस पावलांवर माझ्या टाक्यांची झाकणं. उठवायला गेलं की "काका, अर्ध्या तासात आटपतो." वॉचमन रात्रीतून चार वेळा हेच करत फिरतो. त्याचा पगार कुठून काढू?

शुल्क लावल्यापासून गाड्या कमी झाल्या, पण ज्या येतात त्या ओळीत लागतात आणि सकाळी टँकरला आत यायला वाट असते.

किन्नरचा ड्रायव्हर

काका, तुमच्यासारख्याच एका पंपावर मी पैसे देऊन झोपलोय. पंपाचं नाव घेत नाही. सकाळी बघतो तर टाकीच्या झाकणाचं कुलूप कापलेलं, जाळी वाकवलेली, पाईप टाकून डिझेल ओढलेलं. खाली मातीत ओला डाग. पावती दाखवली तर म्हणाले, मागची बाजू वाचा. मागे बारीक अक्षरात, "वाहनाची व मालाची जबाबदारी आमची नाही."

जबाबदारी तुमची नाही तर पैसे कशाचे? जमिनीवर चाकं टेकवायचे? तसं तर रोडवरही टेकतात. मालकाने ते डिझेल माझ्या हिशेबात धरलं, कारण त्यांना वाटतं मीच ढाब्यावर कटिंग केलं, म्हणजे डिझेल काढून विकलं असणार. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं.

राखण होणार असेल तर शंभर काय, दीडशेही देईन. आम्ही झोपतो ते एका कानाने झोपतो. ताडपत्रीचा दोर कोणी ओढला तरी जाग येते. ते सोडून चार तास नीट झोप मिळणार असेल तर पैसे महाग नाहीत.

दहाचाकी (नाशिक)

भाऊ, हा मुद्दा मात्र शंभर टक्के तुमचा. पैसे घेतले की राखण आली. ती ओळ छापायची असेल तर शुल्क घेऊ नये, आणि शुल्क घ्यायचं असेल तर ती ओळ छापू नये.

एकुलती एक गाडी

धाग्यात "मालक देईल, भाड्यात धरा" असं सगळे इतक्या सहज बोलतायत. कोण मालक? या देशातल्या बहुतेक गाड्या छोट्या मालकांकडे आहेत आणि त्यातले बरेच माझ्यासारखे स्वतःच स्टिअरिंगवर बसतात. माझी खर्ची मीच मला देतो.

आणि भाडं मी ठरवत नाही. दलालाचा फोन येतो, अमुक माल, अमुक ठिकाण, एवढे मिळतील. पार्किंगची ओळ टाका म्हटलं की तो म्हणतो, "राहू दे, दुसरी गाडी आहे माझ्याकडे." आणि खरंच असते.

"ज्याचा माल त्याचा हमाल" हे आपण किती वर्षं गाड्यांच्या पाठीवर लिहून फिरतोय? मोर्चे झाले, निवेदनं झाली. तरी गोडाऊनला गाडी लागली की वाराई (माल चढवायची-उतरवायची हमाली) कापून घेतातच. तिथे आपलं चाललं नाही, आणि पार्किंगची ओळ बिल्टीवर चढेल? दहाचाकीसाहेब, तुमच्याकडे कंपन्यांची बांधलेली कामं असतील, तुमचं जमेल. बाजारातून माल उचलणाऱ्याला हे शुल्क म्हणजे सरळ भाड्यातली कपात.

डॅलसहून

इकडे अमेरिकेत हाच वाद जोरात आहे. इथे १० तासांच्या सक्तीच्या विश्रांतीनंतर फक्त ११ तास चालवता येतं आणि ते गाडीतलं यंत्र नोंदवतं. वेळ संपली की थांबावंच लागतं, आणि संध्याकाळी सातनंतर जागा मिळत नाही. मोठ्या ट्रक स्टॉपवाल्यांनी काही जागा पैसे भरून राखून ठेवायची सोय केली, तर ड्रायव्हर चिडले की फुकटच्या जागाच कमी केल्या. हायवेवरचे सरकारी रेस्ट एरिया फुकट आहेत, पण रात्री खच्चून भरलेले.

२००९ मध्ये जेसन रिव्हनबर्ग नावाचा ड्रायव्हर माल उतरवायची वेळ व्हायची होती म्हणून एका बंद पडलेल्या पेट्रोलपंपावर थांबला आणि तिथे लुटारूने त्याला गोळी घातली. त्याच्या बायकोने पाठपुरावा केला आणि २०१२ मध्ये ट्रक पार्किंगसाठीची कलमं कायद्यात आली. जागा अजूनही पुरत नाहीत. मला तरी वाटतं पैसे देऊन जागा पक्की मिळत असेल तर ते वाईट नाही.

कागलकर

तिकडं तास संपले की गाडी थांबवणं भाग आहे, म्हणून जागेला भाव आला. इकडं तास मोजतो कोण?

नियमबुक

कागलकर, तास मोजायचा कायदा आपल्याकडे १९६१ मध्येच आला. मोटार परिवहन कामगार कायदा, नोव्हेंबर २०२५ मध्ये तो नव्या कामगार संहितेत गेला. त्यात होतं, दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, आणि सलग ५ तासांच्या वर काम नाही, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती. मोजत कोणी नाही हे खरं. सेव्ह लाइफ फाउंडेशनचा २०२० चा अहवाल होता, त्यात जवळपास निम्म्या ट्रकचालकांनी थकवा किंवा झोप आलेली असतानाही गाडी चालवत राहतो असं सांगितलं होतं. वर ई-वे बिलाची (माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या मुदतीच्या कागदाची) घाई. २०२१ पासून एका दिवसात २०० किलोमीटर धरतात. गाडी घाटात किंवा कुठल्या शहराच्या नो-एंट्रीत अडकली की मुदत वाढवायची धावपळ.

मला या चर्चेत एक गोष्ट खटकते. आपण पंपवाला आणि ड्रायव्हर यांच्यातच भांडतोय. गाडी रात्री रस्त्यावर का उभी असते? पुष्कळदा ती पोहोचलेली असते म्हणून! चाकण, रांजणगाव, वाळूज कुठल्याही एमआयडीसीत रात्री फिरून बघा. कंपनीच्या कुंपणाला लागून दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग. रात्री नऊला आलेल्या गाडीला गेट उघडत नाही, सकाळी टोकन, मग नंबर, मग "क्वालिटीवाले जेवायला गेलेत." कारखान्याने गोडाऊनची जागा वाचवली आणि त्याचा माल एमआयडीसीच्या रस्त्यावर चाकांवर ठेवला. तो मुक्काम ड्रायव्हरने मागितलेला नाही. त्या रात्रीचे पैसे ड्रायव्हर, मालक किंवा पंप यांपैकी कोणीही देण्याचा प्रश्नच येत नाही. गेटवर आत यायची वेळ नोंदवतात तशी पोहोचल्याची वेळ नोंदवा आणि तिथून पुढे तासाला आकार लावा. बघा कशी आत जागा निघते.

तेव्हा वाटेतल्या झोपेचा मुक्काम आणि गेटबाहेरची ताटकळ वेगळी धरा. पहिल्याला माफक शुल्क चालेल. दुसऱ्याला दंड.

शहाणपण_फुकट

एवढा काथ्याकूट कशाला? आता एसी केबिन सक्तीची झालीय, केबिनमध्ये झोपा की मस्त. खोलीबिलीची, पार्किंगची गरजच काय?

किन्नरचा ड्रायव्हर

दादा, ती सक्ती १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नवीन गाड्यांना आहे. माझी जुनी आहे, तिचा पंखाही मी बसवलाय. नव्या गाडीतसुद्धा इंजिन बंद की एसी बंद, रात्रभर डिझेल जाळायला मालक देईल का? आणि केबिन काय हवेत उभी करू? गाडीला जागा लागतेच.

तेल कंपन्यांनी काही पंपांवर "अपना घर" काढलेत, झोपायला खाट, अंघोळीला पाणी, स्वतः स्वयंपाक करायची सोय. मी राहिलोय एकदा, चांगलं आहे. पण मी आत खाटेवर गेलो तर गाडीपाशी कोण? आता क्लीनर कोणी ठेवत नाही. म्हणून पुन्हा तेच सांगतो, गाडीची राखण.

हायवेपंप

राखणीवरून एवढं सगळे बोलले म्हणून सांगतो. मी विमावाल्याला विचारलं होतं. उभ्या गाडीची जबाबदारी घ्यायची तर कुंपण, एकच गेट, आत-बाहेर नोंद आणि कॅमेऱ्याचं साठवण पाहिजे. करता येईल. पण मग शंभरात भागणार नाही, अडीचशेच्या आसपास जाईल. देणार का? फास्टॅगवरून कापून घेतले तर ड्रायव्हरच्या हातात रोख द्यायचाही प्रश्न नाही, थेट मालकाच्या खात्यातून.

एकुलती एक गाडी

मालकाच्या खात्यातून म्हणजे पुन्हा माझ्याच. 😀

पण राखणीसकट अडीचशे असतील तर माझा विरोध निम्मा होतो. टाकी एकदा रिकामी झाली की किती हजारांना पडते ते मला माहितीये. नुसत्या जागेचे शंभर मात्र देणार नाही, मग चलान झालं तरी बेहत्तर.

कागलकर

तुम्ही सगळे पंपाच्या आत शिरलात. ले-बायचं काय? समृद्धीचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये चालू केला तेव्हा ट्रकवाल्याला थांबायची धड सोय नव्हती, गाड्या कडेला लागायच्या. तिथं अडीचशे घ्यायला तरी कोण उभं होतं? ज्याच्याकडे अडीचशे आहेत तो कुंपणात झोपेल. ज्याच्याकडे नाहीत त्याच्यासाठी उजेड असलेली फुकट जागा ठराविक अंतरावर पाहिजेच, आणि ती टोलच्या पैशातून. हे झाल्यावर पंपांनी पाचशे लावले तरी मी बोलणार नाही.

दहाचाकी (नाशिक)

कागलकर, याला माझा विरोध नाहीच. ले-बायमधल्या टपऱ्या हटवायच्या तर तहसील, पोलीस आणि ठेकेदार तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, तिथे धाग्यावर बोलून काय होणार?

माझ्या हातात आहे ते करतो. एप्रिलला दोन कंपन्यांचे वर्षाचे दर ठरायचे आहेत. त्यात "रात्र मुक्काम, प्रत्यक्ष पावतीप्रमाणे" आणि नियमबुकांनी सांगितलेला गेटवरचा ताशी आकार, दोन्ही ओळी टाकून पाठवतो.

एकुलती एक गाडी

पहिली ओळ कदाचित मान्य करतील, शे-दोनशेचा प्रश्न आहे. दुसरीवर पेन फिरवतील. फिरवला तर इथे सांगा, म्हणजे खरा खर्च कोण लपवतंय ते तरी कळेल.