शेजारी देशांचे गट करून आरोग्यखर्चाची तुलना: नक्की कुठला आकडा धरायचा?

अभ्यासिका_कॉलेजरोड

नमस्कार मंडळी, मी एम.ए. इकॉनॉमिक्सला आहे, नाशिकलाच. सेमिनारला विषय घेतलाय शेजारी देश आणि आरोग्यावरचा खर्च. तीन गट केलेत, आपला सार्कवाला दक्षिण आशिया (आठ देश), मग नॉर्वे-स्वीडन-डेन्मार्क-फिनलंड, आणि तिसरा अमेरिका-कॅनडा-मेक्सिको. जागतिक बँकेच्या साईटवरून जीडीपीच्या किती टक्के खर्च होतो तो कॉलम उचलला, एक्सेलमध्ये गटाची सरासरी मारली, बार चार्ट केला. पण आता बघतेय तर काहीच्या काही दिसतंय. आपल्या गटाची सरासरी सहाच्या आसपास येतेय आणि भारत स्वतः तीन-सव्वातीनच्या पुढे जात नाही. मग सहा कोणामुळे? तर मालदीव १० च्या घरात आणि अफगाणिस्तान १५ च्या वर!! आता अफगाणिस्तान आपल्यापेक्षा आरोग्याची जास्त काळजी घेतो असं मी वर्गात उभं राहून सांगितलं तर सर तिथेच थांबवतील मला. तिकडे अमेरिका १७ टक्के आणि आयुर्मान मात्र कॅनडापेक्षा कमी. मग टक्के सोडून डॉलरमध्ये माणशी खर्च धरू का? का पीपीपी, म्हणजे त्या त्या देशातली स्वस्ताई-महागाई धरून केलेला डॉलरचा हिशेब? गुरुवारी प्रेझेंटेशन आहे, कोणीतरी सांगा प्लीज.

हिशेबनीस_गंगापूररोड

ताई, कॉलम बरोबर आहे, सरासरीनं घोळ घातलाय. भूतान आणि मालदीव दोघांची मिळून लोकसंख्या १३ लाखांच्या आसपास. आपल्या मनपाची २०११ च्या जनगणनेत १४.८६ लाख होती, आता तर कुठल्या कुठे गेली असेल. म्हणजे एका नाशकाहून कमी माणसं असलेल्या दोन देशांना तुमच्या एक्सेलमध्ये दोन मतं आणि १४० कोटींच्या भारताला एक. बरं लोकसंख्येचं वजन लावून काढली तर उलटा प्रकार, आठ देशांतली चारात तीन माणसं भारतातली, त्यामुळे "दक्षिण आशियाची सरासरी" म्हणजे भारताचाच आकडा, बाकीचे सात नुसते हजेरीला. म्हणून माझं मत, गटाची सरासरी काढूच नका. प्रत्येक देशाचा ठिपका वेगळा दाखवा, गटाला एक रंग द्या, गटातल्या गटात केवढी तफावत आहे ते डोळ्यांना दिसू दे, खरी गंमत तिथेच आहे. नॉर्डिकवाले चार एकमेकांना चिकटून बसतील, आपले आठ सगळ्या पानभर पांगतील.

दुसरं म्हणजे टक्के हा अपूर्णांक आहे, खालचा आकडा हलला तरी टक्का हलतो. नॉर्वे बघा, २०२० ला ११ च्या आसपास होता आणि २०२२ ला ८ च्या जवळ आला. तिथे काय दवाखाने बंद पडले का? युक्रेन युद्धामुळे गॅस-तेलाचे भाव चढले, जीडीपी फुगला, टक्का पडला, बस. अफगाणिस्तानचं बरोबर उलट, अर्थव्यवस्थाच आटली म्हणून टक्का वर, आणि त्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश खर्च लोक स्वतःच्या खिशातून करतात. त्याला काळजी कुठल्या तोंडानं म्हणायचं.

डॉलरनं माणशी काढायला गेलात तर श्रीलंका आडवी येते. २०२२ ला त्यांचा रुपया डॉलरला २०० वरून ३६० च्या आसपास गेला काही महिन्यांत. कोलंबोतल्या नर्सचा पगार तोच, पण तुमच्या चार्टवर खर्च धाडकन खाली. पीपीपी त्यातल्या त्यात बरी, भारताचा आकडा बाजारभावाच्या डॉलरपेक्षा तिपटीहून जास्त दिसतो कारण आपल्याकडे डॉक्टरची फी, नर्सचा पगार, खोलीचं भाडं सगळं स्वस्त. पण एमआरआयचं मशीन पीपीपीनं विकत मिळत नाही, ते डॉलर मोजूनच आणावं लागतं, आणि श्रीलंकेची तर बहुतेक औषधंही बाहेरून येतात, त्या वर्षी तुटवडा पडला तो त्यामुळेच. तेव्हा पीपीपी घ्या, पण खाली टीप टाका.

अजून एक, तयार "दक्षिण आशिया" ची ओळ उचलणार असाल तर त्यात कोण कोण आहे ते आधी बघा. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) वाटणीत पाकिस्तान आणि अफगाणिस्तान आपल्याबरोबर नाहीतच, ते पूर्व भूमध्य विभागात, आणि आपल्या बाकावर थायलंड. जागतिक बँकेनंही २०२५ मध्ये त्या दोघांना मध्यपूर्वेच्या गटात हलवलं. म्हणजे शेजारी कोण हे नकाशावर नाही, ऑफिसात ठरतं.

सातपूरकर

कशाला एवढा अभ्यास. सगळीकडे पैसा खाल्ला जातो हे लिही आणि मोकळी हो 😂

मेडिकलवाला_पंचवटी

सातपूरकर भाऊ, खाल्ला जातो तो वेगळा, इथे लोकांकडे खायलाच राहत नाही अशी परिस्थिती आहे त्याचं काय.

ताई, मी इकॉनॉमिक्सवाला नाही, पंचवटीत मेडिकल आहे माझं, पण काउंटरवरून जे दिसतं ते सांगतो. चिठ्ठीवर दहा दिवसांचं लिहिलेलं असतं आणि समोरचा विचारतो याच्यात महत्त्वाची कुठली तेवढीच द्या. नाहीतर चार दिवसांचं द्या बाकीचं पगारावर नेतो. मग मी कात्रीनं पट्टी कापतो, बीपीची गोळी असेल तर सांगतो की ही मधे बंद करू नका, तो हो म्हणतो आणि पंधरा दिवस फिरकत नाही. बिल ४० रुपये, ६० रुपये. हे सगळं तुमच्या त्या आउट ऑफ पॉकेटमध्ये, म्हणजे स्वतःच्या खिशातल्या खर्चात येतं. लोकांना वाटतं खर्च म्हणजे ऑपरेशन, पण खिशातून जो जातो त्यातला सगळ्यात मोठा वाटा औषधांचाच असतो. आणि योजना सगळ्या भरती झाल्यावर लागू होतात. महात्मा फुले योजना घ्या नाहीतर आयुष्मान घ्या, ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, चांगलीच गोष्ट आहे, ज्याच्या घरात बायपास झाली त्याला विचारा. पण शुगरवाल्याला दर महिन्याची गोळी त्याच्यातून मिळत नाही, भरती झाला तरच योजना, भरती होऊ नये म्हणून जी गोळी घ्यायची ती स्वखर्चानं. हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

त्यामुळे किती टक्के खर्च यापेक्षा तो कोणाच्या खिशातून होतो हा कॉलम आधी घ्या असं माझं मत. सरकारी योजनेतल्या स्वस्त जनऔषधी दुकानांमुळे आमचा धंदा थोडा कमी झाला, पण पेशंटचं भलं झालं हे कबूल करायला पाहिजे.

हिशेबनीस_गंगापूररोड

मेडिकलवाले दादा लाख बोललात. त्याचेच आकडे देतो. आपल्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे (सरकार काढतं तो देशाच्या आरोग्यखर्चाचा हिशेब) एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ ला ६४.२ टक्के होता, २०२१-२२ ला ३९.४ वर आला. सरकारचा खर्च जीडीपीच्या १.१५ वरून १.८४ टक्क्यांवर गेला, पण २०२१-२२ हे कोविड लसीकरणाचं वर्ष होतं हे विसरू नका. आणि २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत २.५ टक्के करू असं लिहिलेलं होतं.

(ताई, याच लेख्यांत एकूण खर्च जीडीपीच्या ३.८३ टक्के आणि माणशी ६,६०२ रुपये दिसेल, तुमच्या जागतिक बँकेच्या आकड्याशी जुळणार नाही. घाबरू नका. तिकडे फक्त चालू खर्च धरतात, आपल्याकडे एकूण म्हणताना इमारती-मशिनरीचा भांडवली खर्चही धरलाय. दोन्ही एका तक्त्यात टाकू नका म्हणजे झालं.)

शेजाऱ्यांत खिशातला वाटा बांगलादेशात ७० टक्क्यांच्या वर, भूतानमध्ये २० च्या आत, श्रीलंका चाळिशीत. नॉर्डिक सगळे १५ च्या आसपास. मेक्सिको ४० च्या जवळ, आणि अमेरिका फक्त ११ च्या आसपास.

अभ्यासिका_कॉलेजरोड

बापरे, खूप खूप धन्यवाद दोघांना. पण मग अमेरिका खिशाच्या बाबतीत भूतानपेक्षा चांगली?? आणि बांगलादेश आपल्यापेक्षा कमी खर्च करतो, खिशातला वाटाही एवढा मोठा, तरी आयुर्मान आपल्यापेक्षा थोडं जास्तच दाखवतंय. आता खिशाचा कॉलम घेऊन पण गोंधळच.

सिस्टर_सिडको

अगं बाळा, गोंधळ होणारच, एका कॉलमात देश बसत नाही. मी रिटायर्ड स्टाफ नर्स. अमेरिकेत माझी भाची आहे, तिकडे खिशातून कमी जातं कारण इन्शुरन्सचा हप्ता पगारातून आधीच कापलेला असतो, त्याला आउट ऑफ पॉकेट म्हणत नाहीत. पैसा तर तिचाच ना. आणि तिथे तपासणी, औषध, खाट सगळ्याचे दरच अवाच्या सवा, त्यामुळे खर्च १७ टक्के म्हणजे सेवा १७ टक्क्यांची असं नसतं.

बांगलादेशाचं म्हणशील तर आयुर्मान वाढतं ते मोठ्या हॉस्पिटलमुळे कमी आणि लहान मुलं वाचल्यामुळे जास्त. जुलाबावर मीठ-साखरेच्या पाण्याचं काम ढाक्याच्या कॉलरा संशोधन केंद्रात १९६८ मध्ये झालं, आणि १९८० च्या दशकात तिथल्याच ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेच्या बायकांनी घरोघर जाऊन आयांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, पाणी असं हातानं करून दाखवलं. त्याला कितीसा खर्च येणार? तुझ्या टक्क्यात तो दिसणारच नाही. श्रीलंकेत पण तसंच, १९२६ पासून कळुतराला हेल्थ युनिट सुरू झालं, गावागावात सरकारी मिडवाईफ, दवाखाने फुकट. आज त्यांचे मातामृत्यू लाख जन्मांमागे तिशीच्या आसपास. आपल्या देशाचे २०१८-२० ला ९७ होते पण महाराष्ट्राचे ३३, केरळचे १९, म्हणजे भारत म्हणून एक ठिपका टाकशील तर महाराष्ट्र आणि केरळ त्यात बुडाले.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच कॉलमात नाही. मी आपल्याच जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठ या आदिवासी भागात होते बरीच वर्षं. जी बाई दवाखान्यात आलीच नाही, पैसे नाहीत, गाडी नाही, नवरा मजुरीला द्राक्षाच्या बागेत गेलाय, तिचा खर्च किती? शून्य. खिशातूनही शून्य. कागदावर ती सगळ्यात सुखी. भूतानच्या घटनेतच मोफत प्राथमिक सेवा लिहिलेली आहे, मोठ्या आजाराला सरकार स्वतःच्या खर्चानं पेशंट इकडे भारतात पाठवतं, तिथला कमी आकडा वेगळा आणि न आलेल्या बाईचा कमी आकडा वेगळा. म्हणून खिशातला वाटा कमी दिसला की लगेच टाळ्या वाजवू नकोस, किती लोक उपचाराविना राहिले ते शेजारी ठेवून बघ.

सातपूरकर

सिस्टर, तुमच्यापुढे आपण गप्प 🙏 पण माझा कंपनीतला ग्रुप इन्शुरन्स आहे त्याचा कॅशलेस डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळी सहाला मंजूर होतो, तोपर्यंत खाटेचं एका दिवसाचं भाडं वाढलेलं असतं. ते कुठल्या कॉलमात टाकायचं?

मेडिकलवाला_पंचवटी

तुमच्या खिशात टाका भाऊ, दुसरीकडे जागा नाही 😄

अभ्यासिका_कॉलेजरोड

ठरलं मग. सरासरी काढून टाकते, ठिपक्यांचा चार्ट करते, आडव्या अक्षावर माणशी खर्च पीपीपीमध्ये आणि उभ्यावर खिशातला वाटा. सुरगाण्याचं सिस्टरांनी सांगितलेलं नाव न घेता सांगितलं तर चालेल का? आणि अफगाणिस्तान ठेवू का काढू?

हिशेबनीस_गंगापूररोड

ठेवा, काढलात तर सर विचारतील सार्कचा आठवा देश कुठे. फक्त सगळ्या देशांचं वर्ष एकच घ्या, आणि २०२० नको, त्या वर्षी कोविडमुळे बऱ्याच देशांचा जीडीपी आपटलेला, त्यांचे टक्के उगाच चढलेत. २०१९ घेतलंत तर बरं.

सिस्टर_सिडको

चालेल की. पेठ-सुरगाणा म्हण, गावाचं नाव नको. आणि गुरुवारी काय झालं ते कळव.