पोकिप्सीच्या दफनभूमीतील श्रमदान : मंडळाच्या सभासदांमधील पत्रव्यवहार

प्रेषक : चिटणीस, कार्यकारिणी
प्रति : सर्व सभासद
विषय : पोकिप्सी येथील दफनभूमीत श्रमदान

सप्रेम नमस्कार.

न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी या गावी, हडसन नदीच्या बाजूला, ‘पोकिप्सी रूरल सेमेटरी’ नावाची जुनी दफनभूमी आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या अस्थी तेथे आहेत, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांची रक्षा अमेरिकेत, ज्यांच्या घरी त्या राहिल्या होत्या त्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आली आणि कार्पेंटरबाईंनी ती आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवून वर स्मृतिशिला उभारली. शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री, अशी त्यांची ओळख त्या शिलेवर इंग्रजीत कोरलेली आहे.

मंडळातर्फे वर्षातून किमान एकदा तेथे जाऊन श्रमदान करावे, असा प्रस्ताव कार्यकारिणीच्या विचाराधीन आहे. सकाळी शिला स्वच्छ धुऊन तिच्यावर दूध-पाण्याचा अभिषेक करावा, हळद-कुंकू वाहावे, समई लावावी आणि त्यानंतर आनंदीबाईंच्या चरित्रावर एखादे भाषण व्हावे, अशी साधारण कल्पना आहे. या कामाचा अनुभव असलेल्या सभासदांनी आपली मते अवश्य कळवावीत. विशेषतः काकूंना विनंती, की त्या आपल्या गावातील दफनभूमीत बरीच वर्षे स्वयंसेवक म्हणून काम करीत आहेत, तेव्हा त्यांनी सविस्तर मार्गदर्शन करावे.

आपला,
चिटणीस

---

प्रेषक : एक ज्येष्ठ सभासद
प्रति : सर्व सभासद
विषय : उत्तर : पोकिप्सी येथील दफनभूमीत श्रमदान

चि. चिटणीस यांस अनेक आशीर्वाद, आणि सर्व सभासदांना नमस्कार.

तुमचा प्रस्ताव वाचून मनापासून आनंद झाला. हे काम मंडळाने हाती घ्यावे, असे मला फार दिवसांपासून वाटत होते, म्हणूनच ते योग्य रीतीने व्हावे यासाठी थोडे विस्ताराने लिहिते आहे.

पहिली गोष्ट ही, की आनंदीबाई तिथे पाहुण्या आहेत. ती जागा आपल्या मंडळाची नाही आणि जोशी घराण्याचीही नाही. ती कार्पेंटरबाईंच्या माहेर-सासरच्या माणसांची आहे. आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी लिहिलेले पत्र मिशनऱ्यांच्या एका मासिकात छापून आले होते. ते १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या या बाईंनी दाताच्या डॉक्टरांकडे बसलेल्या असताना वाचले आणि ज्या मुलीला कधी पाहिले नव्हते तिला आपण होऊन पत्र लिहिले. तीन वर्षांनी ती मुलगी समुद्र ओलांडून आली, तेव्हा फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळेपर्यंत तिला त्यांनी आपल्या घरात पोटच्या मुलीसारखे ठेवले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. शेवटी मावशींनी तिला आपल्या घरच्या माणसांच्या शेजारी कायमची जागा दिली. अशा ठिकाणी आपण पंचवीस-तीस माणसे जाऊन एकच शिला घासूनपुसून लख्ख करायची आणि तिच्या अवतीभवती असलेल्या यजमानांच्या शिला शेवाळाने काळवंडलेल्या तशाच ठेवून परतायचे, हे मला आपल्या रीतीला धरून वाटत नाही. आपण कुणाच्या घरी गेलो तर आपल्याच मुलीचे ताट तेवढे धुऊन उठत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की सेवेची सुरुवात त्या कुटुंबाच्या संपूर्ण जागेपासून व्हावी आणि पुढे दफनभूमीचे कार्यालय सांगेल त्या कोणत्याही भागात, अगदी ज्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत अशा लोकांच्या भागात, आपण काम करावे.

या दफनभूमीविषयीही थोडे सांगते. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरांतील चर्चच्या आवारातील जागा अपुऱ्या पडू लागल्या आणि आरोग्याचीही भीती वाटू लागली, तेव्हा गावाबाहेर टेकड्या, झाडी आणि वळणदार रस्ते असलेल्या मोठ्या दफनभूमी आखण्याची पद्धत सुरू झाली. १८३१ सालची बॉस्टनजवळची माउंट ऑबर्न ही त्यांतली पहिली आणि १८३८ सालची ब्रुकलिनची ग्रीन-वुड ही अशीच दुसरी प्रसिद्ध जागा. पोकिप्सीची दफनभूमी याच परंपरेतली असून ती कोणत्याही एका पंथाची नाही. स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी १८६१ मध्ये व्हासार कॉलेज स्थापन करणारे मॅथ्यू व्हासार तेथेच आहेत आणि त्यांच्या स्मारकावर दगडात घडवलेले ओकचे फळ आहे. आपल्या कार्यक्रमात भाषण व्हायचेच असेल, तर या दोघांचा एकत्र उल्लेख व्हावा, अशी माझी सूचना आहे. शिक्षणासाठी आलेली कल्याणची मुलगी आणि मुलींसाठी महाविद्यालय उभारणारा हा गृहस्थ एकाच भूमीत आहेत, हे आपल्या मुलांना प्रत्यक्ष दाखवता येईल.

आता स्वयंसेवकांची गरज का पडते, ते सांगते. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याप्रमाणे दफनभूमी चालवणाऱ्या संस्थेला जागेच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेचा किमान दहा टक्के भाग कायमस्वरूपी देखभाल निधीत ठेवावा लागतो आणि त्या निधीच्या उत्पन्नातून गवत, रस्ते, कुंपण, झाडे यांचा खर्च भागवावा लागतो. जागा विकल्या जात होत्या तोपर्यंत हे गणित जमत असे. परंतु २०१५ च्या सुमारास अमेरिकेत दहनाचे प्रमाण दफनाहून अधिक झाले आणि ते वाढतच आहे; नव्या जागांची मागणी घटली, जुन्या निधीचे व्याज महागाईपुढे तोकडे पडू लागले आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या थडग्यांकडे पाहणारे वारस एक तर उरले नाहीत किंवा दूर निघून गेले. म्हणूनच देशभरातल्या अनेक जुन्या दफनभूमींमध्ये आज गावातली माणसे शनिवारी हातात बादल्या घेऊन येताना दिसतात. आपण दहन करणारे लोक आहोत, त्यामुळे या बदलात आपलाही वाटा आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

परवानगीशिवाय कोणत्याही शिलेला हात लावायचा नाही, हा नियम सर्वांनी कटाक्षाने पाळावा. जमीन संस्थेच्या ताब्यात असते आणि स्मारकावर त्या कुटुंबाचा हक्क असतो. आधी कार्यालयाला रीतसर पत्र लिहावे, त्यांचे नियम मागवून घ्यावेत आणि त्यांनी नेमून दिलेलेच काम करावे. त्यांनी ‘दगडांना हात लावू नका, पाने गोळा करा’ असे सांगितले, तर आपण पाने गोळा करावीत. तेही तितकेच मोलाचे काम आहे.

शिला धुण्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहिलेच पाहिजे, कारण चांगल्या हेतूने केलेले सर्वाधिक नुकसान इथेच होते. जुना संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड, त्यामुळे व्हिनेगर, लिंबू किंवा कोणतेही आम्ल लावले की त्याचा पृष्ठभाग अक्षरशः विरघळतो. ब्लीचने दगड पांढरा दिसतो, पण त्यातले क्षार आत मुरतात, सुकताना त्यांचे स्फटिक होतात आणि आतून दगड पोखरतात. तारेचा ब्रश आणि जोराचा फवारा मारणारी यंत्रे पूर्ण वर्ज्य. आम्ही आधी शिलेवर हात फिरवून पाहतो : साखरेसारखे कण हाताला लागले, पापुद्रे सुटत असले किंवा बोटाने टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, तर त्या दगडाला स्पर्श न करता नोंदवहीत टिपून पुढे जातो. दगड धड असेल तर तो स्वच्छ पाण्याने भरपूर भिजवायचा, मऊ ब्रशने खालून वर घासत जायचे, म्हणजे घाणीचे ओघळ कोरड्या भागावर उतरून डाग पडत नाहीत, आणि सतत पाणी घालत राहायचे. अक्षरांच्या खोबणीतले दगडफूल बांबूच्या बारीक काडीने अलगद काढायचे. पाण्याने न निघणाऱ्या शेवाळासाठी डी-टू नावाचे द्रावण मिळते आणि अमेरिकेतल्या राष्ट्रीय सैनिकी दफनभूमींमध्येही ते वापरले जाते. पण तेही कार्यालयाने संमती दिली तरच. आमच्या गावात मी एकदा अशीच एक लहानशी शिला धूत होते. वर कोकराची आकृती होती, जशी त्या काळी लहान मुलांच्या थडग्यांवर कोरत, आणि खालचा मजकूर हिरव्या थराखाली पूर्ण झाकला गेला होता. तासाभराच्या पाण्यानंतर आधी वर्ष दिसले, मग आईचे नाव, आणि सर्वांत शेवटी मुलाचे वय : महिने आणि दिवस मोजून लिहिलेले. आनंदीबाईंचे बाळही दहा दिवसच जगले होते आणि त्या दुःखातूनच त्या डॉक्टर होण्याच्या निश्चयापर्यंत पोहोचल्या, हे तुम्हां सर्वांना माहीत आहे. त्या दिवसापासून मी कोणतीही शिला परक्याची म्हणून धुतलेली नाही.

यावरून अभिषेकाचे उत्तर तुमच्या लक्षात आले असेल. दूध, दही, मध, नारळाचे पाणी यांनी दगडावर बुरशी वाढते, हळदीचा आणि तेलाचा डाग सच्छिद्र दगडातून पुन्हा निघत नाही, आणि समईची काजळी तशीच. हाराचा नायलॉनचा दोरा गवत कापण्याच्या यंत्रात अडकतो. म्हणून सुटी फुले शिलेपुढच्या गवतावर वाहावीत आणि निघताना ती उचलून आणावीत. आरतीचे तबक, हळद-कुंकू हे सारे शेजारी सतरंजी घालून तसबिरीपुढे करता येईल. भाव त्यात तिळभरही कमी होत नाही.

पुण्यतिथीला जाण्याचा विचार करू नये. फेब्रुवारीत तेथे बर्फ असते आणि ओला दगड रात्री गोठला तर तडकतो. मे अखेरच्या मेमोरियल डेच्या सुमारास दफनभूमीत गर्दी असते, म्हणून सप्टेंबरचा शेवट मला सर्वांत सोयीचा वाटतो.

तुमची,
काकू

---

प्रेषक : एक सभासद
प्रति : सर्व सभासद
विषय : उत्तर : उत्तर : पोकिप्सी येथील दफनभूमीत श्रमदान

आदरणीय काकू, सादर नमस्कार.

आपले पत्र आम्ही घरी मोठ्याने वाचले. दोन शंका आहेत. सध्या माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या आहेत. स्मशानासारख्या जागी लहान मुलांना नेऊ नये आणि परतल्यावर स्नान केल्याशिवाय घरात वावरू नये, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांचे मन मोडावे असे वाटत नाही. दुसरे असे, की सात-आठ वर्षांच्या मुलांना तेथे कोणते काम देता येईल?

आपली नम्र,
एक सभासद

---

प्रेषक : एक ज्येष्ठ सभासद
प्रति : सर्व सभासद
विषय : उत्तर : उत्तर : उत्तर : पोकिप्सी येथील दफनभूमीत श्रमदान

सौ. सभासद ताईंना आशीर्वाद.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि त्यांचा नियम अवश्य पाळा, कारण या भागात तो वैद्यकीय सल्ल्याशीही जुळतो. हडसन खोऱ्यात हरणांच्या अंगावरच्या गोचिडींमुळे लाइम रोगाचा मोठा उपद्रव आहे. बाहेरून आल्यावर दोन तासांच्या आत स्नान करावे आणि कानामागे, काखेत, गुडघ्यामागे, केसांत नीट तपासावे, असेच इथले डॉक्टर सांगतात. फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि पायजम्याची टोके मोज्यांत खोचावीत. कुंपणालगत तीन-तीन पानांची वेल दिसली तर तिला हात लावू नये. ती पॉयझन आयव्ही असते आणि तिने अंगाला भयंकर खाज सुटते.

मुलांच्या बाबतीत खरी काळजी वेगळीच आहे. संगमरवराचा एक घनफूट सुमारे १७० पौंड भरतो, म्हणजे कमरेइतकी उंच साधी शिलाही दोन-अडीचशे पौंडांची असते आणि शंभर-दीडशे वर्षांत तिचा पाया सैल झालेला असू शकतो. मुलांनी शिलांना टेकू नये, त्यांच्यावर चढू नये, आणि मोठ्यांनीही कललेली शिला सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. ते जाणकार कारागिरांचे काम आहे. शिला पडून मुले दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत, म्हणून हे कडकपणे लिहिते आहे. मुलांना पाने-काटक्या वेचायला, पाण्याच्या लहान बाटल्या भरून आणायला आणि वहीत नावे उतरवायला द्यावे. पुसट अक्षरे वाचण्यासाठी त्यांच्या हाती एक आरसा द्या. बाजूने तिरपा उजेड पाडला की खोबणींत सावल्या पडून अक्षरे उठून दिसतात. खडू किंवा दाढीचा फेस मात्र कुणी फासू नये. ज्यांनी खडकीची युद्ध दफनभूमी पाहिली आहे त्यांनी, परक्या मुलखातून आलेल्या तरुणांच्या शिला आपल्या पुण्यात किती नीटनेटक्या राखल्या जातात, हे मुलांना जरूर सांगावे.

काकू

---

प्रेषक : चिटणीस, कार्यकारिणी
प्रति : सर्व सभासद
विषय : श्रमदान : पुढील कार्यवाही

आदरणीय काकू आणि सर्व सभासद, सप्रेम नमस्कार.

काकूंच्या सूचना कार्यकारिणीने एकमताने स्वीकारल्या आहेत. अभिषेक आणि समई कार्यक्रमातून वगळली असून तसबिरीचे पूजन आणि व्हासार व आनंदीबाई यांच्यावरील एक भाषण ठेवले आहे. दफनभूमीच्या कार्यालयाला पाठवायच्या पत्राचा मसुदा काकूंनी तपासून द्यावा, ही विनंती. त्यात आपण तीन गोष्टी विचारत आहोत : कार्पेंटर कुटुंबाच्या जागेतील शिला धुण्यास कोणाची संमती लागेल, त्यांपैकी कोणत्या शिला कमकुवत म्हणून वगळायच्या, आणि त्याखेरीज दफनभूमीच्या कोणत्या भागात माणसांची सर्वाधिक गरज आहे. उत्तर येईपर्यंत कोणीही परस्पर जाऊन काम सुरू करू नये.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी येऊ शकणाऱ्यांनी आपली नावे, सोबतच्या मुलांची वये आणि गाडीत किती जागा रिकाम्या आहेत ते कळवावे. बादल्या, मऊ ब्रश आणि बांबूच्या काड्या मंडळ आणेल. पाणी तेथे मिळेल की नाही हे कळेपर्यंत प्रत्येक कुटुंबाने पाच गॅलनचा एक कॅन भरून आणण्याची तयारी ठेवावी.

आपला,
चिटणीस