धरणावर शिकलेल्या लेकरांना समुद्राच्या लाटांची सवय कशी लावावी?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. संभाजीनगरकडची तीन लेकरं इल्का ६ (एकट्यानं चालवायची छोटी शिडाची होडी, जुनं नाव लेझर रेडियल) चालवायलीत. सगळा सराव धरणाच्या पाण्यावर. आता मुंबई बंदरात शर्यत आहे आणि तिथं आधी तीनच दिवस मिळतील. टॅक, जाइब (नाक किंवा पाठ वाऱ्यातून फिरवून वळणं) चांगले बसलेत, पण पाणी उसळलं की वाऱ्याच्या तोंडावर जाताना होडी दर लाटेला थबकते. तीन दिवसांत भर कशावर द्यावा? इथं आधी काय करून घ्यावं?

खारावारा
दादा, आधी लाटेचं माप लेकरांना दाखवा. दोन लाटांमध्ये जितके सेकंद जातात त्याचा वर्ग करून १.५६ ने गुणलं की खोल पाण्यातलं अंतर मीटरमध्ये मिळतं. धरणावर दोन सेकंदांची लाट असते, म्हणजे अंतर जेमतेम ६ मीटर. होडी ४.२ मीटरची. नाक एका लाटेवरून उतरतं न उतरतं तोच पुढच्या लाटेत घुसतं, तिथंच ती थबकते. तीन सेकंदांना हेच अंतर १४ मीटर होतं, चार सेकंदांना २५. उघड्या समुद्रात लाट उंच दिसली तरी सुकाणू फिरवायला वेळ मिळतो. बंदर मात्र शहराच्या आडोशाला आहे, तिथं वाऱ्यानं उठलेली आखूड लाट आणि लाँचींचं पाणीच जास्त. त्यामुळं धरणावरची खळबळ अजिबात वाया जात नाही.

वाऱ्याच्या तोंडावर असं करा: लाट चढताना थोडं वाऱ्याकडं, माथा ओलांडला की थोडं खाली (वाऱ्यापासून दूर). टिलर (सुकाणूचा दांडा) बोटा-दोन बोटांनीच हलला पाहिजे, जास्त हलवला की सुकाणूच ब्रेक होतं. नाक लाटेला भिडायच्या आत छाती मागं, माथा गेला की पुढं. छाती पुढं यायला उशीर झाला तर नाक खळग्यात आपटतं, त्याचा आवाज काठावरून ऐकू येतो. धरणावर डोळे उघडे ठेवून हे जमलं की कोणीतरी बाजूनं "आली" म्हणावं आणि मुलानं फक्त शिडाकडं बघून अंगानं लाट ओळखावी.

सपाट पाण्यावरची सगळ्यात वाईट सवय म्हणजे नाक वाऱ्यात ताणून धरणं. लाटांत चार-पाच अंश खाली चालवा, वेग आधी. आउटहॉल (शिडाचा खालचा काठ ताणणारी दोरी) सैल ठेवा. बूमच्या (शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या) मध्यावर शीड आणि बूममध्ये वीतभर अंतर चालेल, कारण प्रत्येक धक्क्यानंतर होडीला पुन्हा उचलायला ताकद लागते. वारा अंगावर यायला लागला की आधी व्हँग (बूम खाली धरणारी दोरी), मग कनिंगहॅम (शिडाचा पुढचा काठ खाली ओढणारी दोरी) ताणा. व्हँग सैल राहिला तर शीट (शीड आत-बाहेर करायची दोरी) सोडल्यावर बूम वर उचलतो आणि शिडाचा वरचा भाग नुसता फडफडतो.

नाथसागराचा विचार असेल तर ते पक्षी अभयारण्य आहे, वनविभागाची परवानगी आधी घ्या. आणि कुठल्याही धरणाच्या भिंतीजवळ जाऊ नका. दगडी पिचिंगवरून लाटा परत फिरतात, दोन्हीकडून पाणी येतं आणि शिकणारं लेकरू गोंधळतं.

उधाण_भांग
धरणवाल्यांना खरा फटका लाटेपेक्षा भरती-ओहोटीचा बसतो. मुंबईत उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला) पाणी ४ मीटरहून जास्त चढतं-उतरतं, भांगाला (अष्टमीच्या सुमाराला) बरंच कमी. सहा तासांचे सहा भाग धरा: पाणी १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या हिश्श्यांनी हलतं, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या तासाला पाण्याची ओढ सगळ्यात जोरात. वारा आणि ओढ समोरासमोर आले की तीच लाट आखूड आणि उभी होते. दुपारचा खारा वारा वायव्येकडून येतो, सकाळचा मतलई वारा जमिनीकडून. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढं सरकते, तेव्हा कालचा अंदाज आज चालत नाही. पहिल्या दिवशी मार्करच्या बोयाजवळ होडी उभी करून शीड सोडा आणि ती किती वाहत जाते ते घड्याळावर बघा. लाटांची उंची आणि कालावधी हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राच्या अंदाजात मिळतो, रोज सकाळी पाहून घ्या.

गोदाकाठ
लई उपयोगी. एक शंका: वाऱ्याबरोबर जाताना लाट पकडायला शीट किती वेळा ओढता येते?

खारावारा
लाट किंवा झोत यांच्यामागं एकदाच, तेही सर्फिंग (लाटेवरून घसरणं) किंवा प्लेनिंग (पाण्यावर उचलून धावणं) शक्य असेल तेव्हाच. वाऱ्याच्या तोंडावर जाताना तेही नाही. शर्यतीच्या नियमांतला नियम ४२. पंच पिवळा झेंडा दाखवतात, पहिल्या वेळी शिक्षा म्हणून होडीला दोन फेऱ्या. म्हणून तो एक ओढा योग्य क्षणी हवा: मागची बाजू उचलली जाते तेव्हा. आठ सेकंदांची मोठी लाट सोडून द्या, ती ताशी ४५ किलोमीटरनं जाते, होडीला ती सापडत नाही. तीन सेकंदांची १७ किलोमीटरनं जाते, ती पकडा. उताराला लागल्यावर सरळ खाली गेलात तर नाक पुढच्या लाटेच्या पाठीत घुसतं. अंग मागं घ्या आणि जिथं पाणी खोलगट दिसेल तिकडं वळवा. होडी वाऱ्याकडं कलायला लागली की शीट आत, टिलर वाऱ्यापासून दूर सोडून नाक थोडं वाऱ्याकडं. डॅगरबोर्ड (होडीखालची उभी फळी) अर्ध्यापेक्षा जास्त वर काढू नका, तो खाली असेल तर डोलणं कमी होतं.

उधाण_भांग
डोलकाठीची रिटेन्शन दोरी (काठी होडीला बांधून ठेवणारी) विसरू नका. उलट्या होडीत काठी निसटली तर लाटेत परत बसवणं जवळजवळ अशक्य असतं. आणि रोज किनाऱ्यावर आल्यावर ब्लॉक (कप्प्या), क्लीट (दोरी पकडणारे दाते), बेलर (आतलं पाणी काढायची झडप) गोड्या पाण्यानं धुवा. मीठ सुकलं की दुसऱ्या दिवशी क्लीटचे दात शीट सोडत नाहीत.