मदत हवी आहे : नव्या वसाहतीच्या ले-आउटमध्ये ओढा आणि जुनी झाडं कशी वाचवायची?

नमस्कार मंडळी,

काही जणांनी मिळून घेतलेल्या जागेवर घरं बांधायची आहेत. ले-आउट अजून कच्चा आहे, म्हणजे बदल करायचे तर आत्ताच. कडेने ओढा जातो, काठावर जुनी झाडं आहेत. नकाशात ओढ्याचं बंदिस्त गटार झालंय आणि झाडांच्या बदल्यात 'दुप्पट रोपं लावू' असं सांगतात. हे मला अजिबात पटत नाही. ढोली पडायला झाडाला कित्येक दशकं लागतात, तोवर ढोलीतल्या घुबडांनी जायचं कुठे?

वाचून कळलं ते असं, की आधी नुकसान टाळायचं, जमत नसेल तर कमी करायचं, बिघडलेलं सुधारायचं आणि भरपाईचा विचार सगळ्यात शेवटी. आमच्याकडे सुरुवातच भरपाईपासून झाली आहे! इंग्लंडमध्ये २०२४ पासून अनेक नव्या बांधकामांना जैवविविधतेत किमान १० टक्के वाढ दाखवावी लागते आणि जागेवरची मोठी सुधारणा ३० वर्षं सांभाळावी लागते. अतिप्राचीन झाडं तर भरून न येणारी मानतात.

झाडांबाबत एक ब्रिटिश मानक सापडलं : खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ मोकळं ठेवायचं. ६० सेंटिमीटर व्यासाच्या खोडाला ७.२ मीटर. तिथे खोदकाम नाही, भराव नाही, खडी-सिमेंटचे ढीग नाहीत आणि ट्रकही नाही. माती दाबली गेली की मुळांना हवा-पाणी मिळत नाही. झाड लगेच मरत नाही, काही वर्षांनी वाळतं, आणि तेव्हा बांधकामाकडे बोट दाखवता येत नाही. म्हणून कुंपण पहिला ट्रक येण्याआधी हवं.

आता अडलंय ते सांगते. पक्षी-प्राणी-वनस्पतींची पाहणी कोणाकडून करून घ्यावी? एकाच ऋतूतली पाहणी पुरते का? माझ्या मते नाही, पण बाकीच्यांना घाई आहे. ओढा उघडा ठेवून पावसाचं पाणी उथळ, गवताळ चरांतून मुरवता येतं हे इंजिनियरला कसं पटवावं? त्यांना पुराची भीती वाटते, ती रास्तच आहे. आणि ताबा दिल्यावर काठाची देखभाल कोणी करायची?

हे सगळं कंत्राटदाराच्या करारात घालायचं आहे. कोणी असं कलम घातलं असेल तर मसुदा इथे द्याल का? झाड तोडल्यास दंडाची तरतूद असलेला मिळाला तर फारच बरं.