मदत हवी आहे: सीमेवर फिरणाऱ्या फोनवर ॲपनं स्वतःहून किती बदलावं?

मंडळी, कर्नाटकातलं खानापूर आणि महाराष्ट्रातलं चंदगड या दोन्ही तालुक्यांतून दूध उचलणाऱ्या एका संकलकासाठी अँड्रॉइड ॲप करतोय. कॅन उतरला की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) भरायचं, दर लागतो, पावती निघते. काम एवढंच, पण फोन गाडीबरोबर फिरतो आणि तिथंच सगळा घोळ आहे.

पहिली तक्रार भाषेची. संकलकाच्या आग्रहावरून लोकेशन बघून भाषा ठरते: कर्नाटकात कन्नड, महाराष्ट्रात मराठी. बाची-शिनोळीच्या पट्ट्यात टॉवरवरून येणारं लोकेशन इकडून तिकडे उड्या मारतं आणि नोंद अर्धी भरलेली असताना स्क्रीनची भाषा पालटते. "हे परत कन्नडात गेलं की ओ!" असा फोन रोज पहाटे. आमचा एक कन्नडिग ड्रायव्हर चंदगडात गेला की याच्या बरोबर उलट बोंब मारतो.

दुसरी उजेडाची. अंधारात स्क्रीन काळी, उन्हात पांढरी, असं सेन्सरवर सोडलंय. पावसाळ्यात फोन प्लास्टिकच्या पिशवीत असतो, पिशवीची घडी नेमकी सेन्सरवर येते, म्हणून भर दुपारी स्क्रीन काळी. वर ओल्या बोटानं भलतंच बटण दाबलं जातं ते वेगळंच.

तिसरी आणि खरी डोकेदुखी: जांबोटी सोडली की जंगल, रेंज गुल. पुढं गोव्याच्या हद्दीजवळ कणकुंबीला दांड्या दिसतात पण नोंद सर्व्हरवर चढत नाही. कधी चढते ती दोनदा. शेतकऱ्याच्या खात्यावर दूध दुप्पट!

ॲपनं परिस्थिती ओळखून बदलावं हे पटतं, पण कशाकशात? आणि दुबार नोंदीचं काय करू?

उचगावचा कोडवाला:
भाषा लोकेशनला बांधूच नका. आपल्याकडे घरात मराठी, शाळा कन्नड, हिशेब तिसऱ्याच भाषेत अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. सीमा ओलांडली म्हणून वाचता येणारी लिपी बदलत नाही. पहिल्यांदा विचारा, मग हात लावू नका. अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपची भाषा सेटिंगमधूनही वेगळी ठेवता येते.

कणकुंबीचं म्हणाल तर महाराष्ट्र आणि गोवा हे एकच टेलिकॉम सर्कल (मोबाईल सेवेचा विभाग), कर्नाटक वेगळं. पलीकडचा टॉवर पकडला की काही फोन त्याला रोमिंग समजतात. डेटा रोमिंग बंद असेल तर दांड्या असूनही नेट नाही. वर्कमॅनेजरला (अँड्रॉइडवर मागं चालणारी कामं लावणारी लायब्ररी) 'रोमिंग नसताना' अशी अट घातली असेल तर काढा. आणि नेटवर्क जोडलं गेलं एवढ्यावर विसंबू नका. ते 'व्हॅलिडेटेड' आहे का, म्हणजे खरंच इंटरनेट पोचतंय का, ते तपासा.

दुबार नोंद अशी होते: सर्व्हरनं नोंद घेतली, पण पोच परत येताना रेंज गेली, फोन तीच पुन्हा पाठवतो. नोंद जन्मते तेव्हाच फोनवर तिला यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कुठल्याच नोंदीला नसेल असा आयडी, द्या, सर्व्हरनं तोच आयडी दुसऱ्यांदा आला तर नवी नोंद न करता फक्त पोच द्यावी. पावती मात्र नेटची वाट न बघता लगेच निघाली पाहिजे.

निपाणीकर:
वर्कमॅनेजरचं ठरावीक अंतरानं चालणारं काम १५ मिनिटांपेक्षा कमी अंतरानं लावता येत नाही, आणि फोन खिशात निपचित असला की डोझमुळे (अँड्रॉइडची बॅटरी वाचवणारी झोप) आणखी लांबतं. म्हणून नोंद जतन झाली की लगेच एक वेगळं, नेटची अट असलेलं काम रांगेत टाका. काळी-पांढरी स्क्रीन बटणावर द्या, बटणं मोठी करा, आणि 'जतन' व 'रद्द' शेजारी ठेवू नका. सेन्सर चुकला तर डोळे मिचकावले जातात, दर चुकला तर भांडण होतं. दर कधीच आपोआप बदलू देऊ नका.

धागाकर्ता:
रोमिंगची अट खरंच घातलेली होती, संकलकानं डेटा वाचवायला सांगितलं होतं. आज काढतो. दराचं कळलं नाही: दरपत्रक दुपारी बदललं आणि सकाळची नोंद संध्याकाळी चढली, तर?

उचगावचा कोडवाला:
सकाळचाच दर. नोंदीत दरपत्रकाचा क्रमांक साठवा, सर्व्हरनं त्या क्रमांकानंच हिशेब करावा. तुमचं बिल दहा दिवसांचं असेल, तर ते निघून तक्रारी मिटेपर्यंत जुनी पत्रकं फोनवरून पुसू नका.